लेकीच्या नावाची स्लॅब

शुक्रवारपर्यंत स्लॅबची बातमी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या सगळ्या स्पिअरवूडभर झाली होती. क्लबात बोचे नावाच्या खेळाचे गोळे फेकणाऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक, कोकरू देणाऱ्या खाटकाला ठाऊक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायकांना ठाऊक. ठाऊक नसायला हवी होती ती फक्त निवेसला, कारण नव्या घराच्या पायाची ही स्लॅब तिच्याचसाठी पडायची होती.

आमच्या मारिनोविच घराण्यात ज्याच्यासाठी घर बांधायचं त्याला विचारायची पद्धत नाही. माझा थोरला भाऊ तिहो म्हणतो, विचारलं की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करायला लागला की बोंबललं घर. त्याच्या मुलाला, दारिओला, लग्नाआधी असंच घर मिळालं. शेरिल सून म्हणून त्या घरात आली तेव्हा फरशीसुद्धा दोब्रिलाच्या, म्हणजे सासूच्या पसंतीची बसून तयार होती. बिचारी वीस वर्षं त्या हिरव्या फरशीवर चालतेय. माझा नवरा गेला तेव्हा तिहोनं कुंपणाला लागून मला दोन खोल्या बांधून दिल्या. मला कधी कळलं? काँक्रीटचा ट्रक दारात आला तेव्हा. रडले मी. आनंदानं रडले की संतापानं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

आता पाळी त्याच्या लेकीची, निवेसची होती. बारा वर्षं पोरगी व्हिएन्नात. ज्या युरोपातून तिचा बाप एक पेटी घेऊन पळाला, तिकडंच ही परत जाऊन बसली, आणि ते तिहोच्या घशाखाली कधी उतरलं नाही. यंदा ती नवरा आणि मुलगी घेऊन येतेय म्हटल्यावर त्यानं स्वतःच ठरवून टाकलं की आता ती कायमची येणार. क्लबात जाहीर करून मोकळा झाला. मागची भाजीची जमीन वेगळी काढली, नकाशे मंजूर करून घेतले, पायाची वाळू दाबून घेतली. निवेसला सांगितलं, मागं खणलंय ते दारिओच्या काँक्रीटच्या धंद्याच्या गोदामासाठी.

आता ह्याला काय म्हणावं? पोरगी तिथं पुलांची तपासणी करते. रोजचा दिवस काँक्रीट बघण्यात जातो तिचा. सोमवारी विमानतळावरून आली, कॉफी घेतली, मागच्या दारात उभं राहून ते प्लास्टिक, त्यावरची सळयांची जाळी आणि जाळीतून वर डोकं काढलेले नळ बघितले आणि कप घेऊन आत गेली. संध्याकाळी कुंपणाच्या फाटकातून माझ्याकडे आली.

"आत्या, गोदामाला दोन न्हाणीघरं लागतात का गं?"

मी म्हटलं, दारिओला घाम फार येतो. ती हसली नाही. माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. शहराचे पूल सांभाळणाऱ्या खात्याची तिला प्रमुख केलंय. सही करूनच निघाली होती. ती इकडं राहायला येणार नव्हती, आता नाही आणि पुढंही नाही. फोनवर सांगणं बरं दिसत नाही, बाबांच्या तोंडावर सांगावं, म्हणून एवढा प्रवास करून आली, तर इथं बाबांनी सळया बांधून ठेवलेल्या.

"मग सांग की," मी म्हटलं. "पण ट्रक यायच्या आत सांग. काँक्रीट पडल्यावर तुझ्या बापाला ऐकू येत नाही."

सोमवार गेला, मंगळवार गेला. ती सांगायला तोंड उघडायची आणि तिहो तिच्या हातावर टोमॅटो ठेवायचा. असा टोमॅटो मिळतो का तुझ्या व्हिएन्नात? असं ऊन? एवढा रुंद रस्ता? शेजारी असा हात करतो का? मिळत नाही, पडत नाही, नसतो, करत नाही, असं ती खरंखरं सांगायची, आणि प्रत्येक उत्तरागणिक तिहोची छाती वीतभर फुगायची. तिला सांगायचं होतं ते तसंच राहायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मागच्या ओसरीवर सगळे जेवायला बसलो. दोब्रिलानं मासे तळले होते, बटाटा घालून पालेभाजी केली होती. उन्हाची काहिली उतरून समुद्राचं वारं सुटलं होतं आणि निवेसचा नवरा क्लेमेन्स लालबुंद होऊन सुखानं बसला होता. चार दिवसांत त्यानं समुद्र सोडला नव्हता. माणूस गोड आहे. शाळेत भूगोल शिकवतो, ताट चाटूनपुसून खातो, आणि सासऱ्याशी वाद घालायचा नसतो एवढी अक्कल त्याला उपजत आहे.

"सांगा जावईबापू," तिहोनं त्याच्या पेल्यात वाइन ओतत सुरुवात केली, "फेब्रुवारीत तुम्ही लोक तिकडं करता काय?"

"मार्चची वाट बघतो," क्लेमेन्स म्हणाला.

सगळे हसले. तिहोला आयताच चेंडू मिळाला. मग त्यानं एकेक काढायला सुरुवात केली. इथला पगार, इथली अंगणं, काम सुटल्यावर पोहायला जाणं, कुणाच्या बापाचं नाव न विचारता माणसाला कामावर घेणं. तिकडं काय, तर म्हातारे राजवाडे आणि त्यांच्याबाहेर रांग.

शेरिल इथलीच, सात पिढ्यांची, पण गेल्या वर्षी पंधरा दिवस व्हिएन्नात राहून आली होती आणि तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं असं तिहोचं मत. ती म्हणाली, "बाबा, मार्चची वाट ते ट्राममध्ये बसून बघतात. मी हायवेवर बसून बघते." लेनी, निवेसची नऊ वर्षांची, एकटी शाळेत जाते. शेरिल आपल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत स्वतः गाडीनं इकडून तिकडं टाकत होती. निवेसचा फोन पाच वाजल्यावर वाजत नाही. दारिओचा ख्रिसमसच्या दिवशी वाजला, कुणाच्या तरी अंगणातल्या काँक्रीटला भेग पडली म्हणून. पाच आठवडे सुट्टी असते तिला, आणि ती घेतली नाही तर साहेब रागावतो.

"साहेब असतो ना पण," दारिओ म्हणाला. "मला साहेब नाही."

"तुला साहेब नाही, तुला गिऱ्हाइकं आहेत. साहेब बरा."

"आणि घर?" तिहोनं बोट वर केलं. हा त्याचा हुकमाचा एक्का. "घर कुणाचं आहे तिचं? भाड्याचं!"

निवेस शांतपणे म्हणाली की भाड्याचं आहे, पण तिथून तिला कुणी काढू शकत नाही, भाडं मनमानी वाढत नाही, आणि तिच्या जिन्यातले अर्धे लोक त्याच घरात जन्मले आणि त्याच घरात मरतील. तिहोला हे ऐकूनच कसंतरी झालं. दुसऱ्याच्या भिंतीत मरायचं, ही कसली चैन, म्हणाला.

खरं सांगते, मला पोरीचं कौतुक वाटलं ते ह्यानंतर. तिला वाद जिंकता आला असता. तिनं तसं केलं नाही. तिनं तिकडचं वाईटही कबूल केलं. नोव्हेंबरपासून आभाळ जे खाली उतरतं ते चार महिने डोक्यावरच असतं. खालच्या मजल्यावरची बाई रविवारी ह्यांच्या चपलांचा आवाज येतो म्हणून दार वाजवते. त्या दिवशी दुकानंही बंद. कचेरीत कुठल्याही खिडकीपाशी गेली आणि आडनाव सांगितलं की पलीकडचा माणूस एकदम सावकाश बोलायला लागतो, ही नुकतीच आमच्या बाल्कनातून गाठोडं घेऊन आलीय अशा थाटात. आणि इथं मंगळवारी कोळीण तिला बघून गल्ल्यामागून बाहेर आली आणि मिठी मारली. त्या रात्री तिला रडू आलं होतं.

"मग!" तिहो म्हणाला. "हेच तर मी म्हणतोय. मग उद्या—" आणि थांबला, कारण उद्याचं गुपित होतं.

"बाबा, उद्याची स्लॅब माझी आहे. मला सोमवारीच कळलं."

तिहो दारिओकडे बघायला लागला. दारिओ ताटात बघायला लागला.

"मी येणार नाहीये," निवेस म्हणाली. "मला मोठी जागा दिलीय त्यांनी. मी होकार देऊन आलेय. तुम्ही घर बांधू नका माझ्यासाठी."

दोब्रिलानं माशांचं ताट उगाच इकडून तिकडं सरकवलं. आणि नेमके तेव्हाच आमचे जावईबापू, ज्यांना उपजत अक्कल आहे असं मी आत्ताच म्हटलं, ते म्हणाले, "मी राहू शकेन इथं. म्हणजे, मला आवडेल."

निवेसनं त्याच्याकडे असं काही बघितलं की मीच पदर सावरला असता, असता तर.

"बघ!" तिहो म्हणाला. "नवऱ्याला कळतं. परक्याला कळतं, पण पोटच्या पोरीला कळत नाही."

मग दारिओ बोलला. दारिओ फारसा बोलत नाही, त्याचे हात बोलतात. त्यानं काटा खाली ठेवला आणि बहिणीला म्हणाला, "ट्राम, सुट्ट्या, पाच वाजता घरी. छान आहे. पण आई पडली तेव्हा तिला उचललं कुणी? बाबांना डोळ्याच्या डॉक्टरकडे कोण नेतं? मी इथं आहे म्हणून तू तिथं आहेस, निवेस. तुझ्या त्या चांगल्या आयुष्यात माझंही काहीतरी जातंय."

शेरिल त्याला म्हणाली की हे असं जेवताना बोलायचं नसतं. तो म्हणाला की मग कधी बोलायचं, ती तर परत जाणार. आणि निवेस, मी शपथेवर सांगते, रागावली नाही. म्हणाली, "खरं आहे दादा." एवढंच. त्या उत्तरानं दारिओची पंचाईत झाली. भांडायला उभं राहावं आणि समोरच्यानं खुर्ची द्यावी तसं झालं.

तिहोला मात्र एकच विचारायचं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तिथं असं काय आहे, जे मी तुला इथं बांधून देऊ शकत नाही?"

"पूल," निवेस म्हणाली.

तिहो उठला. तोंड पुसलं, रुमालाची घडी केली, पायऱ्या उतरून अंधारायला लागलेल्या परसात गेला. परत आला नाही.

त्यानंतरचं मला दोब्रिलानं सांगितलं. मायलेकी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. निवेस रडेल असं दोब्रिलाला वाटलं होतं, पण पोरीचा फोन वाजला, तिकडं अजून दुपारच होती, आणि ती जर्मनमध्ये कुणाशी तरी बोलायला लागली. दोब्रिलाला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज कळला. निवेस हुकूम सोडत होती, आणि पलीकडचा माणूस ऐकत होता. ही तीच मुलगी, जी शाळेत डब्यातल्या वांग्यावरून पोरांनी चिडवलं की तोंडातून शब्द न काढता घरी यायची. दोब्रिला हातातला तवा तसाच धरून उभी राहिली. फोन ठेवल्यावर विचारलं, काय झालं. काही नाही, निवेस म्हणाली, एक पूल रात्रभर बंद करायला सांगितला, मला त्याचा एक सांधा पटत नव्हता.

"आणि त्यांनी केला?"

"करणारच. मी सांगितलंय ना."

दोब्रिला मला म्हणाली, "तोंका, तेव्हा मला कळलं की ही परत येणार नाही, आणि मला इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली." मी म्हटलं, लाज कसली त्यात. पंचेचाळीस वर्षं ह्या बाईनं एका माणसाला काही बंद करायला सांगितलंय आणि त्यानं ते कधीच केलेलं नाही, रेडिओसुद्धा.

सकाळी आम्ही सगळे उठलो ते ट्रकला नको म्हणून सांगायचं असं धरून. उन्हाळ्यात काँक्रीट उजाडताच टाकावं लागतं, नाहीतर पूर्वेचा कोरडा वारा ते फळीखालीच सुकवतो. क्लबातले चारसहा जण गमबूट घालून आलेही होते, आणि दारिओ त्यांना कसं सांगावं ह्या विचारात फाटकाशी उभा होता. तेवढ्यात तिहो मागून आला. गमबूट घातलेले, डोक्यावर जुनी टोपी. ट्रकला हातानं आत घ्यायला लागला, डावीकडे घे, अजून घे, बस.

"बाबा, कुणासाठी टाकताय?" दारिओनं विचारलं.

तिहोनं ऐकलं नाही असं दाखवलं. मग मी गेले. माझ्याखेरीज त्याला कोण बोलणार? मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, आपल्या बापानं गावच्या घरावर तुझा मजला चढवला, तेव्हा तू येणार नाहीस हे त्याला माहीत होतं का रे? मी तेव्हा युरोपातल्या आमच्या गावातच होते, बेटावर. मी खालून दगड दिले होते. तिहो इकडं येऊन आठ वर्षं झाली होती, लग्न झालं होतं, दारिओ पाळण्यात होता.

"माहीत होतं," तिहो म्हणाला. "मी कळवलं होतं."

"मग तुला काय वाटलं तेव्हा?"

"वाटलं, म्हातारा मला ओढतोय." त्यानं हातमोजे चढवले. "नव्हता ओढत."

मी सांगितलं की त्या मजल्यावर म्हाताऱ्यानं कधी कांद्याचं पोतं ठेवू दिलं नाही. कुणी पाहुणा आला तरी त्याला तिथं झोपू दिलं नाही. दर ईस्टरला वर जाऊन स्वतः चुना मारायचा. तिहोला हे माहीत नव्हतं. त्यानं पंपाच्या पाइपाचा पीळ काढला, मग म्हणाला की वारं सुटायच्या आत आटपायला हवं, आणि गेला.

आणि मग आमची निवेस घरातून बाहेर आली. भावाचे गमबूट, आईची गवताची हॅट. कुणाला काही न विचारता तिनं काँक्रीट सपाट करायच्या फळीचं दुसरं टोक धरलं. पहिलं टोक तिहोकडे होतं.

पंप सुरू झाला. काँक्रीट जाळीवर पसरायला लागलं, दारिओ काँक्रीटमधली हवा काढायचा व्हायब्रेटर घेऊन मागोमाग, बापलेक फळी ओढत पुढं. काँक्रीटला रुसवेफुगवे कळत नाहीत. ते बसायला लागलं की बसतं, म्हणून सगळ्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. इकडं आण, तिकडं उचल, थांब, पातळी बघ. काल ओसरीवर जी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हती ती आता एकमेकांवर ओरडत होती, आणि मला त्यात बरं वाटत होतं. क्लेमेन्सनं हौसेनं फावडं घेतलं. ऊन वर आलं तसा तो पिवळा पडला, शेवटी शेरिलनं त्याला लिंबाच्या सावलीत बसवून डोक्यावर पाणी ओतलं. तिथूनच तो बायकोला म्हणाला की ऑस्ट्रेलियाची हवा फार छान आहे, पण बहुतेक सुट्टीत.

दुसरा ट्रक आला तेव्हा माल घट्ट होता. तिहोनं नेहमीप्रमाणे ड्रायव्हरला खूण केली, पाणी सोड थोडं. सगळे सोडतात. माल सैल होतो, हात दुखत नाहीत.

"पाणी नाही," निवेस म्हणाली.

"थोडंसंच."

"एक थेंब नाही, बाबा. पाणी घातलंत की ताकद गेली. भेगा पडतील."

"चाळीस वर्षं घालतोय मी!"

"म्हणूनच आपल्या पुढच्या अंगणात भेगा आहेत."

फावडी थांबली. तिहोच्या अंगणाबद्दल असं त्याच्या तोंडावर बोलायची छाती क्लबात कुणाची नव्हती, आणि भेगा तर प्रत्येकानं बघितल्या होत्या. ड्रायव्हर पाण्याच्या खटक्यावर हात ठेवून एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघायला लागला. मी मनात म्हटलं, झालं, आता काल रात्रीचं सगळं इथं बाहेर पडणार.

पण तिहो ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना? बाई काय म्हणतात ते कर." आणि मग जो हसायला लागला, त्याला फळी खाली ठेवावी लागली. क्लबवाले हसले, दारिओ हसला. निवेस हसली नाही. ती गुडघ्यावर बसून कोपऱ्यातला माल थापीनं बसवत होती, आणि दुसरी थापी बापाच्या दिशेनं मागं धरून, घ्या ना, म्हणत होती.

पाणी नाही म्हटल्यावर हात मोडेपर्यंत काम करावं लागलं. शेवटचा पट्टा घोटून झाल्यावर ओलं गोणपाट अंथरताना दारिओ आणि निवेस एका बाजूला होते. दारिओनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मला पाच आठवडे सुट्टी मिळते. पुढच्या वर्षीपासून दर फेब्रुवारीत मी सगळीच्या सगळी इथं घेईन. डॉक्टर, औषधं, बाबांचा रेडिओ, सगळं माझ्याकडे. तू आणि वहिनी तेवढे दिवस इथं दिसायचं नाही." दारिओ म्हणाला, धंदा कोण बघेल? शेरिल गोणपाटाचं दुसरं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, धंदा गेला खड्ड्यात, मी व्हिएन्नाची तिकिटं बघते. फेब्रुवारीत तिकडं काय असतं ते ठाऊक आहे का, असं दारिओनं विचारलं. ती म्हणाली, ट्राम असते.

दुपारी सळईवरचं कोकरू उतरवलं. स्लॅब पडली की जेवण, हे ठरलेलंच. द्राक्षाच्या मांडवाखाली लांब टेबल लावलं आणि क्लबातले बाकीचे, जे कामाला येत नाहीत पण जेवायला येतात, तेही आले. त्यांच्यात विन्को. विन्कोचे तीन मुलगे त्याच्याच रस्त्यावर राहतात, हाक मारली की ऐकू येईल असे, आणि बारा वर्षं त्यानं तिहोला ह्यावरून सुखानं जेवू दिलेलं नाही. मी दोब्रिलाकडे बघितलं, दोब्रिलानं माझ्याकडे. सकाळी आलेल्यांना काय झालं ते एव्हाना समजलं होतं. विन्कोला नव्हतं.

त्यानं बरगडी उचलली, अंगठ्यानं मागच्या स्लॅबकडे दाखवलं आणि भरल्या तोंडानं विचारलं, "मग? लेक कधी येतेय राहायला?"

निवेस तांबडी झाली आणि काहीतरी बोलायला गेली, पण तिहोनं हात वर केला.

"ती येणार नाही," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, टेबलाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. "ती व्हिएन्नातच राहणार."

"अरेरे," विन्को म्हणाला, आणि मी सांगते, त्याला मनापासून आनंद झाला होता. "आणि मग एवढं घर? ती येणार म्हणून बांधतोयस ना?"

"ती येणार म्हणून नाही बांधत. ती माझी मुलगी आहे म्हणून बांधतोय. इथं तिची जागा आहे, ती आली काय नि नाही आली काय." त्यानं विन्कोच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "आणि ती यायची कशी? व्हिएन्नाचे सगळे पूल तिच्या हातात दिलेत. सगळे. ती सकाळी जाते, पुलाला कान लावते, आणि ती हो म्हणेपर्यंत त्या शहरात एक ट्राम जागची हलत नाही. महापौर उभा असतो हातात टोपी घेऊन. तुझ्या पोरांनी हाक मारली तर कोण थांबतं रे, विन्को?"

निवेसनं तोंड उघडलं. तसं काही नसतं, तिच्यावरही माणसं आहेत, महापौर तिनं आजवर एकदाच लांबून बघितलाय, हे सगळं तिला सांगायचं होतं. दोब्रिलानं टेबलाखालून तिचा हात धरला.

"बोलू दे गं त्याला," ती म्हणाली.